आतडं अडकलंय: नळी घालून थांबायचं की लगेच ऑपरेशन?

कागलकर:
आईचं वय 61, गर्भाशय काढलेलं आहे. काल रात्रीपासून कळा, हिरव्या उलट्या, पोट फुगलंय, वारा सरत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखल आहे. नाकातून नळी, सलाईन, तोंडाने काही नाही. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू. पाहुणे म्हणतात, एरंडेल पाजा.

सर्जरीवाला:
एरंडेल अजिबात नको! पुढची वाट बंद असताना आतड्याला आणखी जोर लावायला लावलं तर कळा वाढतात, आतडं फाटूही शकतं. जुन्या ऑपरेशननंतर आत चिकटपट्टे तयार होतात आणि त्यात आतड्याचा वेढा अडकतो. असे बरेच पेशंट बिनऑपरेशन सुटतात. म्हणून थांबणं चुकीचं नाही, फक्त नजर ठेवून थांबायचं. लघवी तासाला किलोमागे निदान अर्धा मिली हवी, म्हणजे 60 किलोला 30 मिली.

थांबायचं कधी नाही? येऊन-जाऊन येणारी कळ सलग दुखण्यात बदलली, ताप आला, नाडी 100 च्या वर राहिली, पोट कडक लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा लगेच डॉक्टरांना बोलवा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका.

वॉर्ड सिस्टर:
नाकातल्या नळीची पिशवी कोरडी दिसली म्हणून खूश होऊ नका. नळी घट्ट स्रावाने तुंबते, पिशवीत काही येत नाही आणि पोट मात्र फुगत राहतं. सिस्टरना नळी धुवायला सांगा. किती मिली आलं, रंग कोणता, वेळेसकट लिहा. चूळ भरू दे, गिळू नको म्हणावं.

एक्स-रे रूम:
गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत दिसणारं पातळ औषध) देणार का, विचारा. साधारण 100 मिली नळीतून देऊन नळी काही वेळ बंद ठेवतात, मग 24 तासांच्या आत एक्स-रे. औषध मोठ्या आतड्यात उतरलं तर बहुधा ऑपरेशन टळतं. नाहीच उतरलं तर साधारण 72 तासांपलीकडे ताणत नाहीत. आणि जांघ तपासली का? तिथला छोटा हर्निया बायकांमध्ये हमखास नजरेतून सुटतो.

कागलकर:
जांघ बघितली, गाठ नाही. खायला कधी?

सर्जरीवाला:
वारा सरल्यावर, नळी बंद ठेवून उलटी झाली नाही की आधी घोटभर पाणी, मग पेज, मग मऊ भात. पोटॅशियम कमी असेल तर आतडं सुस्तच राहतं, तो रिपोर्ट बघून घ्या. तांबडा रस्सा, कणीस, चोथ्यासकट संत्रं काही आठवडे लांबच.