चोरून बघायच्या सिरीयली: लाज कसली आणि कुणाची?

रिमोट_माझ्याकडे
परवा ऑफिसात एकाने सहज विचारलं, सुट्टीत काय बघितलं? आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "पेंग्विनवरची एक डॉक्युमेंट्री." साफ खोटं. बघितले होते 'लव्ह इज ब्लाइंड'चे सलग सहा एपिसोड. ज्यांनी बघितलं नाही (किंवा बघितलं नाही असं सांगतात) त्यांच्यासाठी, यात अनोळखी माणसं भिंतीच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारतात, तोंड न बघता लग्नाची मागणी घालतात आणि मग ऐन लग्नात सगळ्यांसमोर हो की नाही ते सांगतात. तर तो गडी निघाला पेंग्विनप्रेमी, त्याने पुढे दोन-तीन प्रश्न विचारले, मी आपलं "एम्परर पेंग्विनमध्ये अंडं नर सांभाळतो ना" एवढ्या एका वाक्यावर वेळ मारून नेली.

घरी येताना स्वतःचाच राग आला. चाळिशी उलटली, कुणाच्या बापाचं खात नाही, मग खोटं का बोलले मी?

माझं मत असं की ही लाज आपली नसतेच, ती आपल्यावर लादलेली असते. 'सोप ऑपेरा' हे नावच घ्या, १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारी मालिका लागायच्या त्यांना साबणवाल्या कंपन्या पैसे द्यायच्या कारण ऐकणाऱ्या बहुतेक घरातल्या बायका, म्हणून 'साबणाचा' ऑपेरा. म्हणजे नावातच टोमणा. त्यातलीच 'गाइडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, पुढे टीव्हीवर गेली आणि २००९ ला संपली, ७२ वर्षं! एवढी वर्षं लोक काय उगाच बघत होते? आणि तिकडे कुस्तीचा तो झगमगाटी शो (WWE), त्यात काय वेगळं असतं सांगा, भाऊ भावावर उलटतो, मेलेला परत येतो, शत्रू मित्र होतो, सगळं आधी ठरलेलं, डिट्टो सोप. १९८९ ला तर त्यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटसमोर स्वतःच कबूल केलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे (खऱ्या खेळाचे नियम आणि कर चुकवायचे होते, दुसरं काय). पण तो शो बघणारा पुरुष टीशर्ट घालून मिरवतो आणि मी पेंग्विन शोधत बसते. काय हलकं आणि काय नाही हे कोण ठरवणार?

कडू_कारलं
ताई, राग मानू नका पण लाज वाटते ते चांगलंच आहे. सगळी लाज लादलेली नसते, काही वेळा ती आतून आलेली सूचना असते की बाबा रे उठ आता.

१९६१ मध्ये न्यूटन मिनो नावाचा माणूस अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाचा अध्यक्ष होता, त्याने चॅनलवाल्यांच्याच संमेलनात उभं राहून त्यांना सुनावलं की सकाळी टीव्ही लावा आणि स्टेशन बंद होईपर्यंत समोरून हलू नका, तुम्हाला एक अफाट उजाड माळ दिसेल. साठ वर्षं उलटून गेली, माळ तोच आहे फक्त आता तो रात्री बंदही होत नाही.

आणि हे "कोण ठरवणार काय हलकं" वगैरे मला पटत नाही. मी ठरवतो की. मी स्वतः एक अख्खा सीझन बघितलाय असल्या शोचा, शेवटी डोकं असं झालं होतं जसं दिवसभर पंख्याचा आवाज ऐकल्यावर होतं. कुणी मला हसलं नाही, घरी कुणी नव्हतंच, तरी लाज वाटली. ती कुणी लादली मग?

अर्धवट_झोप
मी 'ब्लुई' बघतो. कुत्र्यांच्या कुटुंबाचं ऑस्ट्रेलियन कार्टून, सात मिनिटांचा एपिसोड. पोरांसाठी लावतो म्हणून सुरुवात केली, आता पोरं झोपल्यावर बघतो. रडलोय पण. २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला शो हाच, ५,५०० कोटी मिनिटांच्या वर. आता एवढी सगळी मिनिटं नुसत्या पोरांनीच बघितली असं कुणी मला पटवून द्यावं

कडू_कारलं
पोरं एकच भाग तीस वेळा बघतात. पटवलं.

अर्धवट_झोप
मी पण बघतो

जुनी_कॅसेट
रिमोटताई, तुमच्या पेंग्विनवरून एक जुनी गोष्ट आठवली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'डॅलस' नावाची तेलवाल्या श्रीमंत घराण्याची अमेरिकन मालिका जगभर गाजत होती, जे.आर. ला गोळी कुणी घातली हे ज्या भागात कळलं (नोव्हेंबर १९८०) तो एकट्या अमेरिकेत आठ कोटींहून जास्त लोकांनी बघितला होता. तर त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये इएन आंग नावाच्या अभ्यासक बाईंनी बायकांच्या एका मॅगझिनमध्ये छोटीशी जाहिरात दिली, की मला ही मालिका बघायला आवडते पण सांगितलं की लोक विचित्र नजरेने बघतात, तुम्हाला आवडते की नाही ते मला लिहून कळवा. पत्रं आली फक्त ४२. पण त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आणि टीव्हीचा अभ्यास करणारे आजही ते काढून वाचतात.

मजा कशात आहे बघा. ज्यांना मालिका आवडत नव्हती त्यांची पत्रं एकदम ठणठणीत, हे भिकार आहे, धंदेवाईक आहे, विषय संपला. त्यांना आपलं मत सिद्ध करायची गरजच वाटत नव्हती. ज्यांना आवडायची ते मात्र सफाई देत बसलेले, म्हणजे आवडतं हो पण मला कळतं बरं का की हे काही खरं नाही. आणि तिसरा गट म्हणजे आम्ही चेष्टा करायला बघतो म्हणणारे. बाईंचं म्हणणं असं की 'लोकप्रिय म्हणजे टाकाऊ' हा विचार हवेतच असतो, नावडणाऱ्यांना तो आयता वापरायला मिळतो आणि आवडणाऱ्यांकडे उत्तरादाखल शब्दच नसतात. आणि आवडणाऱ्यांना ते बंगले, ते कपडे खरे वाटत नव्हते, भावना खऱ्या वाटत होत्या. नवरा बोलत नाही याचं दुःख तेलविहिरीच्या मालकिणीला झालं काय आणि आपल्याला झालं काय.

कारलेसाहेब, तुमची दोन्ही पत्रं पहिल्या गठ्ठ्यात जातील 🙂

कडू_कारलं
मान्य, घाला गठ्ठ्यात. पण मला सगळ्यात राग येतो तो तुमच्या तिसऱ्या गटाचा. "आम्ही तर हसायला बघतो." अरे नाक मुरडून बघितलं तरी प्रेक्षक मोजणाऱ्या यंत्राला नाक दिसत नाही, त्याला तू दिसतोस, पुढचा सीझन तुझ्या जिवावर येतो. आवडतं म्हणणारा निदान प्रामाणिक तरी असतो. त्या हिशोबाने रिमोटताईंबद्दल मला आदरच आहे, पेंग्विन सोडून.

टेबलावरची_कात्री
मी काही वर्षं असल्या रिॲलिटी शोच्या एडिटिंगला होतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

लाज बघणाऱ्याला का वाटावी, मला कळत नाही. बघणारा माणूस दमलेला असतो, समोर माणसं भांडतात, त्यात जीव रमतो, यात पाप काय. पण रिमोटताई तुम्ही सोप, कुस्ती आणि रिॲलिटी एकाच टोपलीत घातलं तिथे गडबड झाली. सोपमधली रडणारी बाई पॅकअप झालं की घरी जाते. कुस्तीवाल्याला निदान कथा माहीत असते (अंगाला लागतं ते खरं लागतं, तो विषय वेगळा). रिॲलिटीतल्या माणसाला आपली कथा काय आहे हे टीव्हीवर लागल्यावरच कळतं, कारण ती आम्ही नंतर टेबलावर बनवलेली असते.

कशी ते सांगतो. सोमवारच्या वाक्यातला अर्धा तुकडा घ्यायचा, गुरुवारच्या वाक्यातला अर्धा, जोडायचे, आणि जोड जिथे येतो तिथे बोलणाऱ्याचं तोंड दाखवायचंच नाही, दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा दाखवायचा. तो चेहराही त्या क्षणाचा असेल असं नाही, ती बाई कदाचित डास बघत असेल. पुढच्या वेळी बघताना लक्ष ठेवा, एकदम झणझणीत वाक्य कानावर पडलं आणि बोलणारा पाठमोरा दिसला की समजा कात्री चाललीय.

आणि परिणाम खरे होतात. ब्रिटनमध्ये 'जेरेमी काइल शो' नावाचा कार्यक्रम होता, घरगुती भांडणं स्टुडिओत आणून लाय डिटेक्टर वगैरे लावायचे, १४ वर्षं चालला. २०१९ मध्ये त्यात भाग घेतलेल्या एका माणसाचा चित्रीकरणानंतर काही दिवसांत मृत्यू झाला आणि शो कायमचा बंद केला. २०२१ पासून तिथल्या नियामकाने भाग घेणाऱ्यांची काळजी घेण्याचे नियम आणले. म्हणजे त्याआधी किती दशकं तसंच चाललं होतं याचा विचार करा. आणि ताई तुमचा तो भिंतीवाला शो, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंडळाच्या विभागीय कार्यालयाने त्याच्या निर्मात्यांविरुद्ध तक्रार दाखल केलीय, म्हणणं असं की हे स्पर्धक मुळात कर्मचारीच आहेत आणि त्यांना तसे हक्क मिळाले पाहिजेत.

रिमोट_माझ्याकडे
कात्री, हे वाचून पोटात थोडं हललं, खोटं नाही बोलत. मला शोमध्ये कोण मूर्ख आहे यावर हसायला आवडतं आणि तो मूर्खपणा कुणीतरी जोडून बनवलाय म्हणल्यावर... असो. पण मग निदान सोपवाल्यांना तरी सोडा की! ब्राझीलचं उदाहरण आहे, तिथे ग्लोबो चॅनलच्या रोजच्या मालिकांमध्ये बहुतेक नायिकांना एखादंच मूल असायचं नाहीतर नसायचंच. २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञांनी एक अभ्यास छापला, की ज्या भागात या चॅनलचा सिग्नल पोचला तिथल्या बायकांना मुलं कमी झाली, त्यातही गरीब घरांत जास्त फरक. आणि लोक पोरांना मालिकेतल्या पात्रांची नावं ठेवत होते! सरकारी भाषणांनी हे होतं का?

कडू_कारलं
वा. म्हणजे रोज रात्रीची सिरीयल घरात किती मुलं असावीत इथपर्यंत पोचते हे तुम्हीच सांगताय, आणि वर म्हणताय करमणूक आहे हो, कशाला लाजायचं. एवढी ताकद असेल तर ती एकाच दिशेला चालते का? सहन करणारी ती चांगली आणि उलट बोलणारी ती खलनायिका, असं वर्षानुवर्षं दाखवलं तर तेही पोचतच असणार. मी लाजेबद्दल बोलतोय ते यासाठी, टाइमपास म्हणून नाही.

रिमोट_माझ्याकडे
हे बरोबर बोललात. चिडून सांगते, पण बरोबर बोललात.

खिडकीतली_मांजर
इथे फारच गंभीर झालंय. माझं मत कुणीच मांडलं नाही, ते म्हणजे लाज काढून घेतली तर मजाच संपेल. मी आणि नवरा एक भयानक मालिका रोज एकत्र बघतो आणि नियम आहे की एकट्याने पुढे जायचं नाही. मी तीन एपिसोड पुढे आहे. त्याच्याशेजारी बसून परत बघताना "बाई गं!" म्हणायचं असतं ते बरोबर जागेवर म्हणायचं, आधी नाही, नंतर नाही. कुठल्याही महान कलाकृतीने मला एवढं काम दिलेलं नाही. गेल्या आठवड्यात खून झाला तेव्हा तो माझ्याआधी दचकला, एक सेकंद आधी, म्हणजे खून व्हायच्या आधीच. तेव्हापासून आम्ही दोघंही काहीच बोललेलो नाही.

अर्धवट_झोप
हा एपिसोड मी बघेन

रिमोट_माझ्याकडे
कात्री एक विचारायचं राहिलं. त्या भिंतीवाल्या शोमध्ये सगळे जण कायम त्या सोनेरी धातूच्या पेल्यातूनच का पितात? घरी, हॉटेलात, सगळीकडे तेच.

टेबलावरची_कात्री
एक तर शोची ओळख झालीय ती. दुसरं म्हणजे आमच्या धंद्यातलं सुख. काचेचा ग्लास असला की एका शॉटमध्ये भरलेला, पुढच्यात अर्धा, परत भरलेला, लोक लगेच पकडतात. धातूच्या पेल्यात किती उरलंय दिसतच नाही, मग संध्याकाळचं कुठलंही वाक्य कुठेही लावा.

रिमोट_माझ्याकडे
झालं, वाट लावलीत. काल सातवा एपिसोड लावला आणि पूर्ण वेळ मी पेले बघत होते, पेला हातात आहे, आता टेबलावर आहे, आता परत हातात, ही पाठमोरी का बोलतेय, तो नक्की कुणाकडे बघतोय. संपल्यावर लक्षात आलं की कोण कुणाला नाही म्हणालं ते कळलंच नाही. आज परत बघावा लागणार.