बहिणाबाईंवर सिनेमा काढा, पण लेवा बोलीतच

तापीकाठ:
लेखकांवरचे चित्रपट आता निघू लागलेत. २०१९ ला पु.लं.वरचा 'भाई' दोन भागांत आला. आज ना उद्या आमच्या बहिणाबाईंचीही पाळी येणार. माझं म्हणणं एवढंच, की काढाल तर लेवा बोलीत, म्हणजे बाईंच्या आमच्या जळगावकडच्या बोलीत काढा.

'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली छापली गेली, बाई गेल्यानंतर. म्हणजे कॉपीराइट कायद्यातली साठ वर्षं २०१२ लाच सरली. ती गाणी आता कुणीही घ्यावीत, कुणाला विचारायला नको. धास्ती वाटते ती त्याचीच. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. केळं म्हणजे केयं, डोळा म्हणजे डोया. मागे गावातल्या एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या मुलीने बाईंचं गाणं म्हटलं. गळा गोड, पण प्रत्येक 'य' दुरुस्त करून तिनं 'ळ' केला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तोवर ओठ हलवत तिच्यासोबत म्हणत होत्या. दुसऱ्या कडव्याला गप्प झाल्या.

वाघूर:
भावना कळते, पण बोलीचा हट्ट धरलात तर सिनेमा भुसावळच्या पुढे जायचा नाही. अत्र्यांनी १९५३ ला 'श्यामची आई' काढला, त्यात काय साने गुरुजींच्या पालगडची बोली होती? राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं त्याला. आणि पैसा घालणारा आधी विचारतो, कोल्हापूरच्या माणसाला कळेल का?

तापीकाठ:
साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलीच प्रमाण मराठीत. बाईंचं तसं नाही. बोली काढून घेतली तर मागे नुसता आशय उरतो, कविता नाही. आणि १९६१ च्या 'मानिनी'त बाईंचीच गाणी होती. महाराष्ट्रभर गायली गेली. कोल्हापूरकर अडले का कुठे?

वाघूर:
तीन मिनिटांचं गाणं चालीवर निघून जातं हो. अडीच तासांचे संवाद निघत नाहीत.

धरणगावकरीण:
मला तर चरित्रपटच नको वाटतो, बोली कुठलीही असो. बालकवी आमच्या धरणगावचे. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. त्याच मार्गाने मी रोज पॅसेंजरने जाते. कुणी सिनेमा काढला तर शेवटची वीस मिनिटं रूळ, धूर आणि शिटी एवढंच दाखवतील, हे मी आज सांगते. निसर्गकविता बाजूला राहील. बहिणाबाईंचंही तेच. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, म्हणजे रडारड आलीच. मग छळणारी एखादी सासू रचतील.

तापीकाठ:
ताई, ही भीती मलाही आहे. पण बाईंच्या आयुष्यात रचायची गरजच नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि त्याचा मावसभाऊ उतरून घ्यायचे. जात्याच्या खुंट्यावर हात, पीठ पडतंय, आणि बाजूला एक पोरगा घाईघाईने लिहितोय. अर्धा सिनेमा इथेच झाला.

पांझरा:
धुळ्याहून. एक विनंती, बाईंची भाषा अहिराणी आहे असं पोस्टरवर छापू नका. आमची अहिराणी निराळी. लोक सर्रास गल्लत करतात.

वाघूर:
बरं, मानलं बोली हवी. पण बाई कोण करणार? नाव असलेली नटी नसेल तर निर्माता फिरकत नाही, आणि असेल तर तिला 'डोया' म्हणता येत नाही.

तापीकाठ:
घ्या ना नाव असलेली. चित्रीकरणाआधी चार महिने तिला बाईंच्या माहेरी, आसोद्यात राहू द्या. दळण करू द्या, शेतात निंदायला जाऊ द्या. शिकवायला त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आहेत, त्यांतली सगळ्यात धाकटी ७८ ची. खाली प्रमाण मराठीत ओळी छापा, माझी ना नाही. पण हे पुढच्या दोन-चार वर्षांतच व्हायला हवं.