दोन सीटच्या विमानाला छोटं टर्बाइन: नागपुरात परवडेल का?

सोनेगाव_फायनल

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र मिळून दोन सीटचं किट विमान बांधायचं म्हणतोय. एकाचं बुटीबोरीला फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही. परवानग्यांचं काम वेगळं चालू आहे, ते इथे काढत नाही. गाडी इंजिनावर अडली आहे.

माझा जीव टर्बाइनवर (पिस्टनऐवजी गरम वायूने फिरणाऱ्या चाकाचं, जेटसारखं इंजिन) आहे, आणि त्याचं कारण इंधन. इंडियन ऑइलने 2022 मध्ये अ‍ॅव्हगॅस (पिस्टन विमानांचं पेट्रोल) बडोद्यालाच बनवायला घेतलं हे खरं, पण आमच्यासारख्यांना ड्रम मागवून साठवत बसावं लागणार. पंपावरचं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आणि रोटॅक्सच्या छोट्या पिस्टन इंजिनांची मर्यादा 10 टक्के. एटीएफ, म्हणजे जेट विमानांचं इंधन, मात्र सोनेगावला, आपल्या नागपूरच्या विमानतळावर, रोज टँकरने भरतात.

झेक कंपनी पीबीएसचं टीपी100 बघितलं. 180 किलोवॅट, म्हणजे 240 हॉर्सपॉवर, आणि वजन 62 किलोच्या आसपास. लायकॉमिंगचं 180 हॉर्सपॉवरचं पिस्टन इंजिन याच्या जवळपास दुप्पट जड. हादरे नाहीत, ठिणगी देणारे मॅग्नेटो नाहीत, सिलिंडर फुटायची भीती नाही. एवढं सगळं असताना जगभर लहान विमानांना अजून पिस्टनच का? ज्यांनी टर्बाइन हाताळलंय त्यांनी सांगावं.

चेतकवाले काका

बेटा, मी हवाई दलात चेतक हेलिकॉप्टरच्या आर्टुस्ट टर्बाइन इंजिनांवर काम केलं, निवृत्तीनंतर इथेच वायुसेनानगरच्या बाजूला घर केलं. टर्बाइनवर माझंही प्रेम आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो: तुमच्या विमानाला ते घेऊ नका.

पहिली गोष्ट फटीची. कॉम्प्रेसरचं चाक आणि त्याच्या आवरणात थोडी फट ठेवावीच लागते, कारण चाक तापून फुगतं आणि बेअरिंगलाही थोडी हालचाल असते. मोठ्या इंजिनात पातं हातभर, तिथे ती फट जाणवत नाही. छोट्या इंजिनात पातं 10 मिलिमीटरचं झालं, पण फट काही त्या प्रमाणात कमी होत नाही. पाव मिलिमीटर धरली तरी पात्याच्या उंचीच्या अडीच टक्के झाली. दाबलेली हवा तिथूनच मागे पळते. शिवाय मागच्या टर्बाइनच्या एवढ्याशा पात्याच्या पोटात थंड हवेच्या वाटा कोरता येत नाहीत, म्हणून आत तापमान वाढवता येत नाही. दाब कमी, तापमान कमी, की इंधन जास्त. यात कंपनीचा दोष नाही, आकाराचाच हा गुण आहे.

आता आकडे बघ. टीपी100 पूर्ण ताकदीवर एका किलोवॅट-तासाला सुमारे 515 ग्रॅम इंधन घेतं. ऑस्ट्रो एई300 सारखं विमानाचं डिझेल इंजिन, जे तेच एटीएफ जाळतं, ते 220 च्या आसपास. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, 100 किलोवॅट लागले तर टर्बाइनला तासाला 64 लिटर, डिझेलला 27. खरं तर टर्बाइनचा आकडा आणखी वर जाईल, कारण कमी लोडवर त्याची कार्यक्षमता पडते. नागपूर ते पुणे सरळ रेषेत 600 किलोमीटर, अडीच तास धर: 160 लिटर विरुद्ध 68. वर राखीव इंधन वेगळं, तेही त्याच प्रमाणात.

आणि आता ती गोष्ट, जी विदेशी माहितीपत्रकात तुला मोठ्या अक्षरात दिसणार नाही. आपल्या गावचा उन्हाळा. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. नवतपात पारा 45 ला गेला की विमानाला ती जागा जवळपास पाच हजार फुटांची वाटते. पंख आणि प्रोपेलर दोघांनाही पातळ हवा मिळते. साध्या पिस्टनची ताकद नुसत्या उष्णतेने पाच-सहा टक्के उतरते. टर्बाइनला मात्र तापमानाची लाल रेघ असते, ती ओलांडता येत नाही, आणि आत येणारी हवाच 30 अंश जास्त गरम असेल तर ताकदीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो.

मग चेतक कसं उडायचं? आर्टुस्टची मूळ ताकद 870 हॉर्सपॉवर, पण हेलिकॉप्टरला वापरू देतात 570. उरलेली 300 उष्णता आणि उंचीसाठी मुद्दाम बाजूला ठेवलेली. हेच इंजिन बसवलेलं लामा, म्हणजे आपल्याकडचं चीता, 1972 मध्ये ज्याँ बुले यांनी 12,442 मीटरवर नेलं. तो विक्रम या राखीव ताकदीवर झाला. तुम्ही तसं करायला गेलात तर 140 हॉर्सपॉवरच्या कामाला 200 च्या वरचं इंजिन लागेल, आणि वर्षातले आठ महिने ते अर्ध्या लोडवर दुप्पट इंधन पीत राहील.

स्टार्टिंगबद्दलही ऐक. बटन दाबलं की डोळे जेट पाइपच्या तापमानाच्या काट्यावर. बॅटरी मरगळलेली असेल, मागून वारा असेल, तर फिरकी वाढत नाही पण काटा चढत जातो. त्या दोन-तीन सेकंदांत इंधन तोडलं नाही तर पाती गेली. पिस्टन बंद पडलं तर पुन्हा चालू करता येतं. इथे त्या एका चुकीत हॉट सेक्शन, म्हणजे इंजिनाचा जळणाचा आणि टर्बाइनचा गरम भाग, खोलावा लागतो.

बिरसी_हँगर

गोंदियाला डायमंड विमानांच्या मेंटेनन्सला आहे. काकांच्या बहुतेक गोष्टी पटल्या, पण वजनाची बाजू राहून गेली. एई300 कोरडं (तेल-कूलंट न धरता) 185 किलो आहे. टीपी100 त्यापेक्षा 120 किलोने हलकं. इंधनाचा फरक तासाला 30 किलो पकडला तर चार तासांपर्यंत टर्बाइनचं विमान एकूण हलकंच राहतं. पॅराशूट जंपचं विमान, ग्लायडर वर नेणारं विमान, अशा आखूड फेऱ्यांना हे खरंच उपयोगी आहे. सोनेगाव_फायनल यांना लांब जायचंय की शेडवरून घिरट्या घालायच्यात, तेवढं कळू द्या.

डिझेलही बिनत्रासाचं नाही. गिअरबॉक्स ठरलेल्या तासांना तपासणीला जातो, कूलंटचं वजन असतं, आणि मे महिन्यात रेडिएटरकडे सतत बघावं लागतं.

सोनेगाव_फायनल

पुणे, इंदूर, हैदराबाद. घिरट्या नाही.

काका, फ्रान्सचं टर्बोटेक 90 किलोवॅटचं टर्बाइन हीट एक्स्चेंजर लावून करतंय, ऑस्ट्रेलियात टर्बएरोही त्याच वाटेवर आहे. त्याने इंधनाचा खप पिस्टनच्या जवळ येतो म्हणतात. थांबावं का?

चेतकवाले काका

बिरसीवाले भाऊ बरोबर बोलले, आखूड फेऱ्यांचा हिशोब वेगळाच.

हीट एक्स्चेंजरची कल्पना मला मनापासून आवडते. एक्झॉस्टमध्ये वाया जाणारी उष्णता दाबलेल्या हवेला द्यायची, म्हणजे तेवढं इंधन कमी जाळावं लागतं. दाब कमी असलेल्या छोट्या इंजिनात तर तिचा फायदा सर्वात जास्त. कस लागतो तो धातूचा. पातळ पत्र्यांची ती जाळी प्रत्येक उड्डाणात तापते आणि निवते, आणि जोडांना तडे तिथेच पडतात. हे बेंचवर पूर्ण कळत नाही, ताफ्यात हजारो तास झाल्यावरच कळतं. तेवढे तास होऊ देत. रोल्स-रॉइससारख्या कंपनीने 2008 मध्ये हलक्या विमानांसाठी आरआर500 हे टर्बाइन जाहीर केलं आणि पुढे बाजूला ठेवलं, तेही 450 च्या वरच्या हॉर्सपॉवरचं.

एटीएफ हेच कारण असेल तर एअरफ्रेम डिझेलच्या हिशोबाने निवडा, म्हणजे इंजिन माउंट आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आत्ताच ठरेल. तरीही टर्बाइनवाल्या विक्रेत्याशी बोलणार असाल तर त्याच्याकडून लेखी मागा: 40 अंशांना मिळणारी ताकद, 60 टक्के लोडवरचा खप, हॉट सेक्शनची तपासणी किती तासांनी आणि त्यासाठी इंजिन कुठे पाठवायचं. शेवटचं उत्तर युरोप असेल तर जाऊन-येऊन कस्टम्ससकट किती महिने विमान शेडमध्ये उभं राहील, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.