दोन शेळ्यांवर लेकराला वर्षभर दूध कसं पुरवायचं?

माळरान: परंडा-भूम भागात अंगणवाडीतल्या बऱ्याच लेकरांच्या घरी दोन-दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत. दोन्ही एकदमच वितात, चार महिन्यांत आटतात, मग लेकराच्या वाट्याला कोरा चहा. दीड-दोन वर्षांच्या लेकराला रोज पेलाभर दूध मिळेल असं कसं बसवायचं?

शेवरी: दोघी एकाच वेळी गाभण राहतात, तिथंच गणित बिघडतं. गाभणकाळ साधारण १५० दिवस. नीट खाणारी शेळी दोन वर्षांत तीनदा विते, म्हणजे आठ महिन्यांचं चक्र. पहिली गाभण राहिली की दुसरी चार महिन्यांनी बोकडाला लावा. अडचण येते चरायला सोडल्यावर, कारण कळपात बोकड मोकळा असतो. केनियातले मसाई पशुपालक बोकडाच्या पोटाखाली चामड्याचा पडदा बांधतात, म्हणजे शेळी नको तेव्हा गाभण राहत नाही. आपल्याकडं गोणपाट चालेल, फक्त लघवीनं भिजतं म्हणून रोज बदला, नाहीतर कातडी सोलते.

पान्हा: त्यात करडाचा वाटा आधी धरा. विल्यावर तासाभरात चीक पाजाच. पहिले तीन आठवडे दूध काढू नका, जुळी असतील तर महिनाभर. पुढं करडं रात्री डालून ठेवायची, सकाळी एक सड लेकरासाठी पिळायचा, दुसरा करडांना. हा तीन-चार आठवड्यांचा खंड दोन शेळ्यांत भरून निघत नाही. जमलं तर तिसरी पाट (तरुण शेळी) वाढवा.

दुभतीला रोज २५० ग्रॅम मका-पेंडीचा भरडा, किलोभर तुरीचं भुसकट, तीनेक किलो शेवरीचा पाला. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिननं केस गळतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन शेळी दगावते त्या रोगाची) लस आणि जंताचं औषध चुकवू नका.

आरोग्यताई: दूध उकळी फुटेपर्यंत तापवूनच द्या. 'शेळीचं कच्चं दूध औषधी' म्हणून पाजतात, त्यातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं देऊच नका. त्यात फोलेट फार कमी असतं, लोहही नगण्य. म्हणून मोठ्या लेकरालाही दुधासोबत वरणात कुस्करलेली भाकरी, मेथी किंवा तांदुळजा हवाच, आणि जेवणावर चहा नको. अतितीव्र कुपोषित लेकरू मात्र दुधाच्या भरवशावर घरी ठेवू नका, पोषण पुनर्वसन केंद्रात न्या.

माळरान: दुधाला वास येतो म्हणून काही लेकरं तोंड फिरवतात. त्याला काय करायचं?

पान्हा: बोकड दुभतीजवळ बांधू नका. धार काढण्याआधी कास कोमट पाण्यानं धुऊन पुसा, भांडं स्टीलचं घ्या आणि धार काढली की लगेच गाळून तापवा.