बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची मोटर घरीच बदलायची आहे, मदत हवी

बाथरूममधला सहा इंची (150 मिमी) एक्झॉस्ट फॅन दोन महिने फार आवाज करतोय. लावला की पहिली पाच-सात मिनिटं खरखर, मग जरा शांत, आणि बंद करताना थांबता थांबता पुन्हा कर्रर्र. भिंतीपलीकडेच आईची खोली, तिची झोप सावध. म्हणून रात्री फॅन लावणंच सोडलं, तर आता छताच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके यायला लागलेत. काम आणखी लांबवायचं नाहीये.

आतापर्यंत केलं ते असं. एमसीबी पाडून जाळी काढली, पात्यांवरचा धुळीचा थर साबणाच्या पाण्याने धुतला. धूळ कमीजास्त बसली की पात्यांचा तोल जातो, तेच असेल असं वाटलं होतं. फरक शून्य. मग शाफ्टपाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. चार दिवस फॅन चालू आहे हे कळतसुद्धा नव्हतं, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. शाफ्ट बोटांत धरला तर बाजूला किंचित हलतो, आणि बुशभोवती (शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी नळी) काळं तेलकट कडं साचलंय. ते चिंधीवर पुसलं तर त्यात पितळी चमक दिसली. म्हणजे बुश झिजलाय, तेलाने आता भागणार नाही.

मोटर रिव्हेट मारून बंद केलेली आहे, त्यामुळे अख्खी बदलावी असं माझं मत झालंय. नवी घेताना काय काय जुळवून बघू? आणि पात्याचा नट जाम आहे, तो कुठल्या बाजूला फिरवायचा? जोर लावून पातं तडकवायचं नाहीये.

प्रतिसाद:

निदान बरोबर आहे, मोटरच बदला. नटाला हात लावण्याआधी बाहेर आलेले आटे नीट बघा. शाफ्ट उभा कल्पून आटे उजवीकडे चढत असतील तर साधे, डावीकडे चढत असतील तर उलटे. पुष्कळ फॅनमध्ये उलटे असतात आणि लोक सोडवण्याऐवजी आवळत बसतात. पातं कडेला नाही, मधल्या बोंडाला धरा.

जुळवायचं ते शाफ्टची जाडी आणि लांबी, बसवायच्या भोकांमधलं अंतर, व्होल्टेज, वॅट, फेरे आणि फिरण्याची दिशा. शाफ्ट लांब निघाला तर पातं जाळीला घासेल. दिशेची चूक तर सर्रास होते. कपॅसिटर नसलेल्या, तांब्याच्या कड्या बसवलेल्या शेडेड पोल मोटरची दिशा वायरी उलटसुलट करून बदलत नाही, म्हणून जुन्या मोटरवर आधीच बाण काढून ठेवा.

नुसतं बटण बंद करून वायर सोडू नका. वायरिंग चुकलेलं असेल तर बटण बंद असूनही फेज आत येत असतो. एमसीबी पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग फॅनच्या प्रत्येक वायरीला लावा. अर्थिंगची हिरवी वायर होती तिथेच परत जोडा. सगळं बसल्यावर जाळीसमोर टिश्यूपेपर धरा. चिकटला तर हवा बाहेर जातेय, उडून आला तर दिशा उलटी.