धरणे: धरायचे, द्यायचे की नुसतेच बसायचे?

वाशीकर: सोसायटीच्या पाण्यासाठी पोलीस परवानगीचा अर्ज लिहिला, 'धरणे आंदोलन करणार आहोत'. सासरे म्हणाले, धरणे हेच आंदोलन, 'पिवळा पीतांबर' कशाला? बातम्यांत तर 'धरणे दिले' असतं. बरोबर काय?

शब्दवेडी: 'देणे' हिंदीतून आलंय. मराठीत धरणे धरतात, धरणे धरून बसतात. जुना धरणेकरी म्हणजे पैसे थकलेला सावकार किंवा पगार तुंबलेला शिपाई. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचं नाही, असा संकेत. 1860च्या दंडसंहितेत (2024पर्यंत लागू होती) कलम 508 खाली उदाहरणच होतं: समोरच्याला देवाच्या कोपाची भीती वाटावी म्हणून दारात धरणे धरणं. इंग्रजांनी गुन्हा ठरवला, म्हणजे उपाय लागू पडत असणार!

वाशीकर: मग आमचं गेल्या वर्षी इथेच फसलं. मंडप मिळाला ऑफिसपासून रस्त्यापलीकडे, वडाखाली. दुसऱ्या दिवसापासून साहेबांची गाडी मागच्या गेटने. तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण, त्यातले चार पेन्शनर डबे घेऊन. आम्हीच जेवतोय, आतल्यांचा घास कसा अडणार?

कळव्याचा: त्याला 'लाक्षणिक धरणे' म्हणतात. लक्षणापुरतं :)

नौपाडा: दारच लागतं असं नाही. मार्च 2018चा किसान मोर्चा नाशिकहून ठाण्यावरून चालत आला. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाला. पायाला फोड आलेली माणसं आपल्या पोरांचा विचार करतात म्हटल्यावर शहर त्यांच्या बाजूने झालं. गंमत म्हणजे 'मोर्चा' मूळचा लढाईतला, फारसीतून आलेला शब्द. तोफा लावायची जागा. 'मोर्चेबांधणी'त अजून दिसतो.

शब्दवेडी: पण 'मागण्या मान्य झाल्या' आणि 'पदरात पडल्या' यांत फरक आहे ना. तेव्हा लेखी आश्वासन मिळालं, तरी फेब्रुवारी 2019मध्ये त्यांना पुन्हा निघावं लागलं. आंदोलन 'यशस्वी' म्हणताना कुठलं क्रियापद वापरतो ते बघा.

उरणवाला: आमच्याकडे यशाचं नामच झालंय. जानेवारी 1984मध्ये सिडकोविरुद्धच्या (नवी मुंबईसाठी जमिनी घेणारं सरकारी महामंडळ) लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना निघाली. आता लग्नाच्या बैठकीतही विचारतात, 'तुमचं साडेबारा झालं का?' 'झालं' म्हणजे प्लॉट हातात. फाईल फिरत असेल तर 'व्हायचंय'. कितीतरी घरांत आजोबांपासून 'व्हायचंय' चालू आहे.

वाशीकर: हे माहीतच नव्हतं. म्हणजे अर्जात नुसतं 'धरणे' लिहू?

शब्दवेडी: हो. आणि 'स्थळ' रकान्यात दोन्ही गेटं लिहा.

वाशीकर: मागच्या गेटसमोर नो पार्किंग आहे म्हणे, मंडपाला नाही म्हणतील. सतरंजीवर भागवतो. डबे आणणाऱ्या पेन्शनरांना काय सांगायचं, तेवढं सुचवा.