रेसिदेन्त्सा, दोमिचिलिओ आणि आपले ‘डोमिसाइल’

प्रश्न : इटलीतल्या फॉर्मांवर ‘रेसिदेन्त्सा’ आणि ‘दोमिचिलिओ’ असे दोन रकाने असतात. भाषांतराचे ॲप दोन्हींना ‘निवास’ म्हणते. दोमिचिलिओ म्हणजे आपले डोमिसाइल समजून तिथे सोलापूरचा पत्ता लिहावा का? मराठीत दोन्हींना नेमके काय म्हणावे?

उत्तर : तिथे सोलापूर नको. महाराष्ट्रात डोमिसाइल म्हणजे अधिवासाचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचे पुरावे जोडून काढलेला. त्यामुळे आपल्या कानाला या शब्दात ‘मूळचे कुठले’ असे ऐकू येते. इटालियनमध्ये तो अर्थ अजिबात नाही. तिथल्या दिवाणी संहितेच्या ४३व्या कलमानुसार दोमिचिलिओ म्हणजे माणसाच्या कामकाजाचे आणि हितसंबंधांचे मुख्य ठिकाण, आणि रेसिदेन्त्सा म्हणजे त्याच्या नेहमीच्या ‘दिमोरा’चे ठिकाण. मी असे लावतो : दिमोरा म्हणजे मुक्काम, रेसिदेन्त्सा म्हणजे नोंदलेला रहिवास, दोमिचिलिओ म्हणजे व्यवहाराचा पत्ता. फॉर्मवर दोमिचिलिओपुढे बहुतेक वेळा ‘से दिवेर्सो’ छापलेले असते, म्हणजे ‘वेगळा असल्यास’. दोन्ही पत्ते एकच असतील तर तो रकाना रिकामा सोडावा.

नव्याने आलेल्यांचे गणित मात्र उलटे असते. कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव लागेपर्यंत तुमची रेसिदेन्त्सा भारतातलीच. भाडेकरारात सोलापूर येते ते त्या रकान्यात, आणि इटलीतला पत्ता दोमिचिलिओत.

पुरवणी : ‘नोंदलेला’ हे विशेषण गाळू नये, सगळे वजन त्यातच आहे. घरात राहायला गेलात म्हणून रेसिदेन्त्सा आपोआप होत नाही. कोमूनेच्या ‘आनाग्राफे’ विभागात, म्हणजे रहिवाशांची यादी ठेवणाऱ्या कचेरीत, पासपोर्ट, वास्तव्याचा परवाना, ‘कोदिचे फिस्काले’ म्हणजे १६ अक्षर-अंकांचा करओळख क्रमांक आणि नोंदणी झालेला भाडेकरार देऊन अर्ज करावा लागतो. पुढच्या ४५ दिवसांत नगरपालिकेचा पोलीस, म्हणजे ‘विजिले’, घरी येऊन तुम्ही खरोखर तिथे राहता का ते पाहतो. अर्ज इथेच फसतात. खालच्या ‘चितोफोनो’वर, म्हणजे बोलायच्या घंटेवर, आधीच्या भाडेकरूचेच नाव असते. विजिलेला तुमचे नाव सापडत नाही आणि ‘या पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडतो. म्हणून अर्जाच्या आधी घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव लावा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. तपासणी नीट पार पडली की रेसिदेन्त्सा अर्जाच्या तारखेपासूनच धरतात.

परवान्याचे नूतनीकरण झाल्यावर ६० दिवसांच्या आत आनाग्राफेला ‘दिमोरा आबितुआले’ चालू असल्याचे पुन्हा कळवावे लागते. हे विसरल्याने यादीतून नाव कमी झालेले पुष्कळ जण आहेत. ‘आबितुआले’ म्हणजे नेहमीचा, सवयीचा.

प्रश्न : परवान्यावरचे ‘सोज्जोर्नो’ आणि घरांच्या जाहिरातीतले ‘सोज्जोर्नो’ एकच का?

उत्तर : शब्द एकच, अर्थ दोन. ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’मध्ये तो वास्तव्य, जाहिरातीत बैठकीची खोली. मराठीत ‘बैठक’ खोलीही असते आणि सभाही, त्यातलाच प्रकार. जाहिरात वाचताना खोल्यांची मोजणीही बदलते : ‘बिलोकाले’ म्हणजे दोन खोल्या, सोज्जोर्नो आणि एक निजायची खोली, थोडक्यात आपला वन बीएचके. ‘त्रिलोकाले’ म्हणजे टू बीएचके. स्वयंपाकघर या आकड्यात धरत नाहीत. ‘आंगोलो कोत्तूरा’ लिहिले असेल तर ओटा बैठकीच्याच कोपऱ्यात असतो, फोडणीचा वास गादीपर्यंत जातो. रोज पोळीभाजी करणाऱ्या घराने ‘कुचीना आबिताबिले’ शोधावे. तिथे स्वयंपाकघर वेगळे असते आणि जेवायचे टेबलही मावते.

‘पेर्मेस्सो’ मात्र घरातही ऐकू येईल. कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकताना ‘पेर्मेस्सो?’ म्हणतात, आपल्या ‘येऊ का?’सारखे. उत्तर येते ‘आवांती’, म्हणजे या. गर्दीच्या बसमधून उतरतानाही हाच शब्द. तिथे त्याचा अर्थ ‘जरा वाट द्या’.

पुरवणी : अर्जांची सुरुवात ‘इल सोत्तोस्क्रित्तो’ने होते, बाई असेल तर ‘ला सोत्तोस्क्रित्ता’. शब्दशः ‘खाली सही करणारा’. आपल्या दस्तांतला ‘लिहून देणार’ त्याला चपखल बसतो. दोन्ही रूपे छापलेली असतील तर नको असलेले खोडा.

उच्चाराबद्दल : मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे. इटालियनमधले ‘च’ आणि ‘त्स’ आपण एकाच अक्षराने लिहितो, पण वेगळे उच्चारतो. दोमिचिलिओतला च ‘चिमणी’तला, रेसिदेन्त्सामधला ‘चमचा’तला. त आणि द दातांवरचेच. इंग्रजीच्या सवयीने ‘डोमिचिलिओ’ म्हणू नये. जोडव्यंजनाला ‘पक्का’तल्या क्कइतका वेळ द्या. ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे गल्ला, एका स चा फरक.